पॅकेट कुठे अडलं?

व्हर्च्युअल मशीनला नेटवर्क आहे. त्यातून पिंग जातं, अपडेट उतरतात, एसएसएच लागतं. त्याच मशीनमध्ये तुम्ही लिनक्सचा एक कंटेनर उभा केलात, ब्रिजवर जोडलात, आणि तो मात्र मख्ख बसलेला. आयपी मिळत नाही. किंवा मिळतो, पण समोरच्या राउटरलासुद्धा पिंग पोचत नाही. अशा वेळी आपण काय करतो? कंटेनरची कॉन्फिग फाइल उघडतो. डीएचसीपी काढून स्थिर आयपी घालून बघतो, डीएनएस बदलतो, कंटेनर पाडून पुन्हा बांधतो. या चक्रात मी एकदा अख्खा शनिवार घालवला आहे. रात्री उशिरा कळलं, की कंटेनरमध्ये काही बिघडलंच नव्हतं. दोष होता लॅपटॉपवरच्या व्हर्च्युअलबॉक्सच्या सेटिंगमधल्या एका ड्रॉपडाउनमध्ये.

तेव्हापासून एक नियम पाळतो: पॅकेट नेमकं कुठे थांबतंय हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय एकही सेटिंग बदलायचं नाही. हा लेख त्या बघण्याबद्दल आहे. उदाहरणं मुख्यतः एलएक्ससीची आहेत, पण एलएक्सडी किंवा त्यातून २०२३ मध्ये वेगळं झालेलं इन्कस वापरत असाल तरी रस्ता तोच. कमांड इथे उच्चाराप्रमाणे छापल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

आधी रस्ता

कंटेनरमध्ये दिसणारं ‘ईथ०’ हे खरं कार्ड नसतं. कर्नल ‘व्हीईथ’ नावाची एक जोडी तयार करतो. एका पाइपची दोन तोंडं म्हणा. एक तोंड कंटेनरच्या नेमस्पेसमध्ये, दुसरं बाहेर व्हर्च्युअल मशीनमध्ये. बाहेरचं तोंड ब्रिजमध्ये खोचलेलं असतं. ब्रिज म्हणजे कर्नलच्या आतला स्विच. कोणता मॅक पत्ता कोणत्या पोर्टवर आहे हे तो येणाऱ्या फ्रेम बघून शिकतो. व्हर्च्युअल मशीनचं स्वतःचं कार्डही त्याच ब्रिजमध्ये खोचलेलं असतं. ते पुढे ‘ईएनपी०एस३’ या नावाने येईल, कारण व्हर्च्युअलबॉक्समध्ये बहुधा हेच दिसतं. त्या कार्डापलीकडे हायपरवायझरचा व्हर्च्युअल स्विच, मग होस्टचं खरं कार्ड, मग राउटर.

म्हणजे कंटेनरमधून निघालेलं पॅकेट राउटरला पोचेपर्यंत पाच थांबे घेतं आणि उत्तर तेच पाच थांबे उलटे घेत परत येतं. अडथळा कुठल्याही थांब्यावर असू शकतो आणि, हे फार महत्त्वाचं, तो एकाच दिशेचा असू शकतो.

कंटेनरच्या आत ‘आयपी लिंक’ दिली की ‘ईथ०@आयएफ७’ असं काहीसं दिसतं. त्यातला ७ हा बाहेरच्या तोंडाचा क्रमांक. व्हर्च्युअल मशीनमध्ये हीच कमांड देऊन सातव्या क्रमांकाचं कार्ड कोणतं ते बघा. ही तुमची जोडी. मग ‘ब्रिज लिंक’ देऊन ते तोंड खरोखर तुम्हाला हव्या त्या ब्रिजवर आहे का, हे तपासा. हे सांगायला नको असं वाटेल, पण एलएक्ससीचा कंटेनर ‘एलएक्ससीबीआर०’ वर बसलेला आणि मालक ‘बीआर०’ ची तपासणी करतोय, असं मी अनेकदा पाहिलं आहे. जुन्या पुस्तकांतली ‘बीआरसीटीएल’ चालते, पण ती वेगळ्या पॅकेजमध्ये असते आणि नव्या मशीनवर बहुधा नसते.

पहारा बसवा

आता टीसीपीडम्प. कंटेनरमधून राउटरला पिंग चालू ठेवा आणि व्हर्च्युअल मशीनमध्ये तीन टर्मिनल उघडा: एक व्हीईथच्या बाहेरच्या तोंडावर, एक ब्रिजवर, एक ‘ईएनपी०एस३’ वर. तिन्हीकडे ‘-ई’ आणि ‘-एन’ हे पर्याय द्या. ‘-ई’ मुळे मॅक पत्ते दिसतात, ‘-एन’ मुळे नावं शोधण्यात वेळ जात नाही. मॅक पत्ते दिसले नाहीत तर या तपासाचा अर्धा जीव जातो. एलएक्ससी आणि एलएक्सडीचे कंटेनर सहसा ००:१६:३ई ने सुरू होणारा मॅक घेतात, त्यामुळे गर्दीतही आपला कंटेनर ओळखता येतो.

काय दिसायला हवं? आधी एआरपी. कंटेनर विचारतो, ‘१९२.१६८.१.१ कोण आहे?’ हा प्रश्न सगळ्यांना उद्देशून, म्हणजे ब्रॉडकास्ट असतो. राउटरचं उत्तर मात्र फक्त विचारणाऱ्याला, म्हणजे कंटेनरच्या मॅकला पाठवलेलं असतं. तिन्ही टर्मिनलवर प्रश्न दिसतोय आणि उत्तर कुठेच दिसत नाही, तर तुमच्या व्हर्च्युअल मशीनमधला ब्रिज निर्दोष आहे. प्रश्न शेवटच्या कार्डापर्यंत पोचला; अडकलंय ते पलीकडे. प्रश्न व्हीईथवर दिसतोय पण ‘ईएनपी०एस३’ वर नाही, तर घरातच घोळ आहे. आणि उत्तर ‘ईएनपी०एस३’ वर येऊन कंटेनरपर्यंत जात नसेल, तरीही घरातच.

कंटेनरच्या आत ‘आयपी नेबर’ दिलं की याच गोष्टीची दुसरी खूण मिळते. राउटरसमोर ‘इनकम्प्लीट’ किंवा ‘फेल्ड’ लिहिलेलं असेल तर एआरपीच पुरा झालेला नाही. डीएनएस, राउटिंग वगैरेंकडे बघायची वेळ अजून आलेली नाही.

टीसीपीडम्पचा एक खट्याळपणा माहीत असावा. तो कार्डाला ‘प्रॉमिस्क्युअस’ करतो, म्हणजे आपल्या नसलेल्या फ्रेमही स्वीकारायला लावतो. त्यामुळे होस्टच्या बाजूला कधीकधी असं होतं की पहारा चालू असेपर्यंत सगळं सुरळीत आणि पहारा उठवला की पुन्हा शांत. असं झालं तर डोकं धरून बसू नका, तुम्हाला उत्तरच मिळालं आहे. खात्री करायला ‘-पी’ हा पर्याय देऊन पुन्हा चालवा. मग तो कार्डाला हात लावत नाही.

गेटवरचा वॉचमन

माझ्या अनुभवात व्हर्च्युअल मशीनच्या आत ब्रिज करणारे बहुतेक लोक याच जागी अडकतात, म्हणून इथे थोडं थांबू.

सोसायटीच्या गेटवर वॉचमनकडे फ्लॅटनुसार नावांची यादी असते. तुम्ही फ्लॅटमध्ये तीन पेइंग गेस्ट ठेवलेत, पण यादीत नाव एकट्या मालकाचं. गेस्ट सकाळी बाहेर पडतात तेव्हा कुणी अडवत नाही. संध्याकाळी त्यांच्या नावाने पार्सल आलं, की वॉचमन म्हणतो, ‘या नावाचं इथे कुणी राहत नाही.’ हायपरवायझरचा स्विच अगदी असाच वागतो. व्हर्च्युअल मशीनचं कार्ड त्याने स्वतःच तयार केलेलं असतं, त्यामुळे त्या पोर्टवर कोणता मॅक आहे हे त्याला आधीच ठाऊक असतं. खऱ्या स्विचसारखं शिकायची त्याला गरज वाटत नाही. कंटेनरचा मॅक त्याच्या यादीत नाही, म्हणून त्या मॅकला आलेलं उत्तर तो टाकून देतो. कुठे नोंद नाही, तक्रार नाही.

यातून ते चमत्कारिक लक्षणही उलगडतं: कंटेनरला डीएचसीपीने आयपी मिळतो पण पुढे काहीच चालत नाही. डीएचसीपीचं उत्तर ब्रॉडकास्टने आलं तर वॉचमन ते सगळ्यांना वाटतो, त्यात कंटेनरलाही मिळतं. तेच उत्तर थेट कंटेनरच्या मॅकला आलं तर गेटवरच राहतं. कोणत्या पद्धतीने यायचं हे मागणी करणाऱ्याने ब्रॉडकास्टचा झेंडा लावला आहे की नाही यावर ठरतं. म्हणून एकाच ब्रिजवर दोन वेगवेगळ्या डिस्ट्रिब्युशनचे कंटेनर ठेवलेत तर एकाला आयपी मिळेल आणि दुसऱ्याला नाही. हे पाहून लोक डिस्ट्रिब्युशनला दोष देतात.

आता प्रत्येक हायपरवायझरचा वॉचमन कसा समजवायचा ते बघू.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये नेटवर्कच्या पानावर ‘ब्रिज्ड अ‍ॅडॅप्टर’ निवडलं की ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ खाली ‘प्रॉमिस्क्युअस मोड’ असा ड्रॉपडाउन असतो. मूळ स्थिती ‘डिनाय’. ती ‘अलाउ ऑल’ करा. माझा शनिवार खाल्लेला ड्रॉपडाउन तो हाच.

व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअरमध्ये पोर्ट ग्रुपच्या सुरक्षा धोरणात तीन बटणं असतात: प्रॉमिस्क्युअस मोड, मॅक अ‍ॅड्रेस चेंजेस आणि फोर्ज्ड ट्रान्समिट्स. शेवटचं बाहेर जाणाऱ्या फ्रेमवर पहारा ठेवतं; पत्ता कार्डाचा नसेल तर तिला जाऊ देत नाही. पहिलं आत येणाऱ्यांसाठी. कंटेनरांचा ब्रिज चालायला दोन्ही ‘अ‍ॅक्सेप्ट’ हवीत. एकच उघडलं तर एकाच दिशेची वाहतूक होते आणि टीसीपीडम्पमध्ये गोंधळ वाढतो. ६.७ आवृत्तीपासून डिस्ट्रिब्युटेड स्विचला मॅक शिकण्याची सोय मिळाली आहे. ती उपलब्ध असेल तर प्रॉमिस्क्युअसपेक्षा ती घ्या, कारण प्रॉमिस्क्युअस म्हणजे त्या पोर्ट ग्रुपवरची सगळ्यांची वाहतूक तुमच्या मशीनला दिसणं. नेटवर्क सांभाळणारे लोक याला कुरकुरतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

प्रॉमिस्क्युअस उघडल्यावर होस्टला दोन अपलिंक असतील तर आणखी एक विचित्र गोष्ट घडू शकते. कंटेनरचा ब्रॉडकास्ट एका अपलिंकने बाहेर जातो आणि खऱ्या स्विचवरून दुसऱ्या अपलिंकने परत येतो. व्हर्च्युअल मशीनमधला ब्रिज आपल्याच कंटेनरचा मॅक ‘ईएनपी०एस३’ कडून येताना पाहतो आणि समजतो, कंटेनर तिकडे राहायला गेला. मग कंटेनरचं नेटवर्क येतं-जातं, येतं-जातं. ‘ब्रिज एफडीबी शो’ दिल्यावर कंटेनरचा मॅक व्हीईथऐवजी ‘ईएनपी०एस३’ समोर दिसला तर हेच झालं आहे. ईएसएक्सआयच्या प्रगत सेटिंगमध्ये प्रॉमिस्क्युअस पोर्टसाठी उलट मार्ग तपासण्याचा पर्याय आहे, तो १ करावा लागतो.

हायपर-व्हीमध्ये कार्डाच्या प्रगत पर्यायांत ‘मॅक अ‍ॅड्रेस स्पूफिंग’ ची चौकट असते. तिथे टिक करा. हा वॉचमन बाहेर जाणाऱ्यांनाही अडवतो.

केव्हीएमवर व्हर्च्युअल मशीन होस्टच्या साध्या लिनक्स ब्रिजला जोडलेलं असेल तर सहसा काही करावं लागत नाही, अपवाद फक्त कुणी लिबव्हर्टचा ‘क्लीन-ट्रॅफिक’ फिल्टर किंवा प्रॉक्समॉक्सच्या फायरवॉलमधला मॅक फिल्टर लावला असेल तर. पण जोडणी मॅकव्हीटॅपने केली असेल तर तेच जुनं दुखणं येतं. डोमेनच्या एक्सएमएलमध्ये ‘ट्रस्टगेस्टआरएक्सफिल्टर्स’ ला ‘येस’ करून ते सुटतं. माझं मत विचाराल तर मॅकव्हीटॅप सोडा आणि साधा ब्रिज द्या. पुढचा माणूस शिव्या देणार नाही.

क्लाउडवर हा खेळच नाही. अ‍ॅमेझॉनच्या व्हीपीसीमध्ये ब्रॉडकास्ट चालत नाही, आणि इंटरफेसला दिलेल्या पत्त्यांपलीकडचं काही पोचत नाही. ओपनस्टॅकमध्ये पोर्ट सिक्युरिटी असते; तिथे परवानगी असलेल्या पत्त्यांची जोडी पोर्टवर नोंदवता येते, पण ते खातं सांभाळणाऱ्याने तुम्हाला तेवढे अधिकार दिले असतील तर.

आणि वाय-फाय. लॅपटॉप वाय-फायवर असेल तर अ‍ॅक्सेस पॉइंटला फक्त त्याच्याशी जोडलेल्या कार्डाचा मॅक मान्य असतो. व्हर्च्युअलबॉक्स पत्ते बदलून व्हर्च्युअल मशीनपुरतं कसंबसं निभावून नेतं, पण त्या मशीनच्या पोटातल्या कंटेनरवर विसंबू नका. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये चाळीस मुलांच्या चाळीस लॅपटॉपवर ब्रिज चालवून दाखवायचं ठरवलं असेल, तर आधी नेटवर्कची वायर किती आहे ते मोजा.

घरातले घोळ

टीसीपीडम्पने सांगितलं की पिंग ब्रिजच्या पुढे सरकतच नाही. मग पहिला संशय डॉकरवर. त्याच व्हर्च्युअल मशीनमध्ये कुणी डॉकर बसवलं आहे का? जानेवारी २०१७ मध्ये आलेल्या १.१३ आवृत्तीपासून डॉकर स्वतः आयपी फॉरवर्डिंग चालू करतं तेव्हा आयपीटेबल्सच्या फॉरवर्ड साखळीचं मूळ धोरण ‘ड्रॉप’ करून टाकतं. तुम्ही म्हणाल, माझा ब्रिज तर दुसऱ्या थरावरचा, त्याचा आयपीटेबल्सशी काय संबंध? संबंध ‘बीआर_नेटफिल्टर’ या मॉड्यूलमुळे येतो. ते लोड झालेलं असेल आणि ‘ब्रिज-एनएफ-कॉल-आयपीटेबल्स’ हे सेटिंग १ असेल, तर एका पोर्टवरून दुसऱ्या पोर्टवर जाणारी साधी फ्रेमही फॉरवर्ड साखळीतून जाते आणि तिथे मरते. गंमत अशी की एआरपी आयपीटेबल्सच्या वाट्याला जात नाही. म्हणून ‘आयपी नेबर’ मध्ये राउटरचा मॅक व्यवस्थित दिसतो आणि पिंग मात्र मेलेलं. ही जोडी दिसली की मी सरळ ‘आयपीटेबल्स -एल फॉरवर्ड -व्ही -एन’ देतो आणि वरच्या ओळीतला ड्रॉपचा आकडा पिंगबरोबर वाढतोय का ते बघतो.

उपाय दोन. ‘डॉकर-यूजर’ साखळीत तुमच्या ब्रिजच्या येण्या-जाण्याला परवानगी द्या. डॉकर ती साखळी पुसत नाही. किंवा ते सेटिंग ० करा. दुसरा उपाय सोपा आहे, पण त्या मशीनवर कुबरनेटिस असेल तर त्याला बहुधा ते १ लागतं, तेव्हा विचार करून. आणि नियम एनएफटेबल्समध्ये लिहीत असाल तर हे पक्कं ध्यानात ठेवा: एका तक्त्याने ‘अ‍ॅक्सेप्ट’ म्हटलं तरी त्याच टप्प्यावरचा दुसरा तक्ता ‘ड्रॉप’ करू शकतो. ‘मी तर परवानगी दिली आहे’ असं म्हणत फायरवॉलकडे बघत बसणाऱ्यांचं कोडं इथे सुटतं.

उबंटूवर यूएफडब्ल्यू चालू असेल आणि कंटेनर नॅटच्या ब्रिजवर असेल, तर डीएचसीपीची मागणी व्हर्च्युअल मशीनच्या स्वतःच्या दारातच अडते, कारण तिथे उत्तर देणारा डीएनएसमास्क हा त्या मशीनवरचाच प्रोग्राम असतो. त्या ब्रिजवरून आत येणाऱ्याला आणि त्यातून पुढे जाणाऱ्याला, दोघांना वेगवेगळी परवानगी लागते.

दुसरा घोळ आयपी कुठे ठेवला याचा. कार्ड ब्रिजमध्ये खोचलं की ते नुसतं पोर्ट होतं. आयपी ब्रिजवर हवा. दोन्हीकडे ठेवला किंवा कार्डावरच राहिला, तर कधी चालतं, कधी नाही, आणि ‘आयपी राउट’ मध्ये एकाच नेटवर्कच्या दोन ओळी दिसतात. हा बदल दूरच्या मशीनवर एसएसएचमधून करताना स्वतःची फांदी स्वतःच तोडली जाते. मी ते केलं आहे, रात्री साडेदहाला, आणि मग सर्व्हर ठेवलेल्या ठिकाणच्या रात्रपाळीच्या माणसाला फोनवर कमांड सांगत बसलो आहे. हायपरवायझरचं कन्सोल उघडं ठेवूनच हात घाला. कन्सोल नसेल तर एक जुनी युक्ती: आधी ‘शटडाउन -आर +५’ देऊन पाच मिनिटांनंतरचं रीबूट लावा, बदल फक्त ‘आयपी’ कमांडने करा, फाइलमध्ये लिहू नका. जमलं तर ‘शटडाउन -सी’. नाही जमलं तर मशीन स्वतःच उठून पूर्वपदावर येतं. ‘नेटप्लॅन ट्राय’ ची १२० सेकंदांची मुदत याच कामासाठी आहे, पण ब्रिजला खास पॅरामीटर दिलेले असतील तर ते परत फिरवता येत नाही म्हणून तीच कमांड नकार देते. म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा.

ब्रिजच्या स्वतःच्या मॅकचाही एक जुना काच आहे. त्याला वेगळा मॅक दिला नसेल तर तो आपल्या पोर्टांपैकी सर्वांत लहान मॅक स्वतःला लावून घेतो. म्हणून एलएक्ससी व्हीईथच्या बाहेरच्या तोंडाला ‘एफई’ ने सुरू होणारा मोठा मॅक देतं, म्हणजे कंटेनर आल्यागेल्याने ब्रिजची ओळख बदलू नये. पण २०१९ मध्ये सिस्टिमडीच्या २४२ आवृत्तीपासून ब्रिजलाही स्वतःचा कायमचा मॅक मिळू लागला आणि तो कार्डाच्या मॅकपेक्षा वेगळा. आता वॉचमन आठवा. आयपी ब्रिजवर, ब्रिजचा मॅक अनोळखी, म्हणजे कंटेनर राहिले बाजूला, खुद्द व्हर्च्युअल मशीनच तुटतं. ब्रिज केल्याबरोबर मशीनच गेलं असेल तर नेटप्लॅनमध्ये ब्रिजला ‘मॅकअ‍ॅड्रेस’ देऊन कार्डाचाच मॅक लिहा.

व्हर्च्युअल मशीनची नक्कल काढून दुसरं मशीन उभं करण्याची सवय असेल तर कंटेनरांचे मॅकही नकलेत जातात, कारण ते कॉन्फिग फाइलमध्ये ‘एचडब्ल्यूअ‍ॅडर’ म्हणून लिहिलेले असतात. दोन मशीनमधले दोन कंटेनर एकाच मॅकने ओरडायला लागले की स्विच चक्रावतो. ‘मशीन-आयडी’ सारखा राहिला तर सिस्टिमडी-नेटवर्कडी त्यावरूनच डीएचसीपीची ओळख तयार करतं, तेव्हा दोघांना एकच आयपीही मिळतो. नक्कल काढल्यावर दोन्ही बदला.

एसटीपीबद्दल थोडक्यात. नेटप्लॅन ब्रिजवर ते मुळात चालू ठेवतं. नवीन पोर्ट वाहतूक पुढे सोडण्याआधी पंधरा-पंधरा सेकंदांचे दोन टप्पे पाहतो. अर्ध्या मिनिटात कंटेनरचा डीएचसीपी कंटाळून सोडून देतो आणि आपण म्हणतो, आयपी मिळत नाही. एकच अपलिंक असेल तर ते बंद करा.

दोन नेटवर्कं, एकच नंबर

व्हर्च्युअलबॉक्सचं पहिलं नॅट कार्ड १०.०.२.० हे जाळं वापरतं आणि मशीनला १०.०.२.१५ हा पत्ता देतं, हे बहुतेकांना पाठ असतं. दुसरं नॅट कार्ड जोडलं तर त्याला १०.०.३.० मिळतं, हे कमी लोकांना. आणि एलएक्ससीचा ‘एलएक्ससीबीआर०’ मुळात कोणत्या जाळ्यावर असतो? १०.०.३.० वर, स्वतःचा पत्ता १०.०.३.१. एलएक्ससी आधी बसवलं आणि नंतर दुसरं कार्ड जोडलं, की एकाच मशीनमध्ये एकाच नंबरची दोन जाळी. पॅकेट कुठल्या दाराने जाईल ते त्या दिवशीच्या क्रमावर. ‘/ईटीसी/डीफॉल्ट/एलएक्ससी-नेट’ मध्ये ब्रिजचं जाळं बदला. लिबव्हर्टच्या १९२.१६८.१२२.० बाबतही हेच: होस्टवर तेच, व्हर्च्युअल मशीनमध्ये लिबव्हर्ट बसवलं तर तिथेही तेच. ऑफिसचं व्हीपीएन १७२.१७ ने सुरू होत असेल तर डॉकरशी टक्कर ठरलेली.

पिंग जातं पण एसएसएच लागत नाही, किंवा साइट उघडायला सुरुवात करून अडकते, तर एमटीयू बघा. व्हीएक्सलॅनवर चालणाऱ्या क्लाउडमध्ये व्हर्च्युअल मशीनच्या कार्डाला बऱ्याचदा १४५० असतो, कारण आवरणालाच ५० बाइट जातात. गूगलच्या क्लाउडवर मुळात १४६०. कंटेनरचं व्हीईथ मात्र १५०० धरून बसलेलं. छोटं पिंग निघून जातं, एसएसएचची किल्ल्यांची देवाणघेवाण मोठी असते, ती ब्रिजवर पडते, आणि ब्रिज काही सांगत नाही. ‘मोठं आहे, लहान कर’ हा निरोप राउटर देतो, स्विच देत नाही. कंटेनरमधून ‘पिंग -एम डू -एस १४७२’ देऊन बघा; अठ्ठावीस बाइटांची शीर्षं धरून हे बरोबर १५०० होतं. हे अडलं आणि १४२२ गेलं, तर १४५० ची भिंत सापडली. एलएक्ससीत ‘एलएक्ससी डॉट नेट डॉट ० डॉट एमटीयू’ आणि एलएक्सडी-इन्कसमध्ये ब्रिजचा एमटीयू बदलून मोकळे व्हा.

मग ब्रिज करायचा की नाही?

माझं उत्तर: शक्यतो नाही. कंटेनरला बाहेरच्या जाळ्यातला स्वतंत्र आयपी खरोखर लागतो अशी कामं मोजकी आहेत. डीएचसीपी सर्व्हरची चाचणी, ब्रॉडकास्टवर चालणारी सेवा, किंवा ऑफिसच्या फायरवॉलमध्ये प्रत्येक सेवेला वेगळा पत्ता हवा असणं. बाकीच्यांना नॅटचा ब्रिज आणि दोन-तीन पोर्ट पुढे ढकलणं पुरतं. बाहेरचा स्विच मग एकच मॅक बघतो आणि वरचा अर्धा लेख वाचायची गरज उरत नाही. वेगळा आयपी हवाच असेल आणि वॉचमन ऐकत नसेल, तर आयपीव्हीलॅन वापरा. त्यात सगळे कंटेनर कार्डाचाच मॅक वापरतात, पत्ते फक्त आयपीचे वेगळे. डीएचसीपीवर मात्र विसंबू नका, पत्ते हाताने द्यावे लागतील. क्लाउडवर त्याच्या जोडीला दुसरा खाजगी आयपी इंटरफेसला नोंदवावा लागतो. मॅकव्हीलॅनकडे वळू नका; त्यात प्रत्येकाचा मॅक वेगळा, म्हणजे ब्रिजचंच दुखणं दुसऱ्या नावाने.

आणि ब्रिज केलातच, चालूही झाला, तर हायपरवायझरवर काय बदललं ते कुठेतरी लिहून ठेवा. व्हीस्फिअरच्या साध्या स्विचवर ती सेटिंग प्रत्येक होस्टवर वेगळी ठेवलेली असतात. काही महिन्यांनी देखभालीसाठी कुणी तुमचं व्हर्च्युअल मशीन दुसऱ्या होस्टवर हलवेल, ते स्वतः उत्तम चालेल आणि त्यातले कंटेनर गप्प होतील. तुम्ही काही बदललेलं नसताना असं झालं, तर कंटेनरची फाइल उघडण्याआधी विचारा, मशीन सध्या कोणत्या होस्टवर आहे?